गालिच्यातल्या पाण्याचा जमाखर्च

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. ठाण्यातल्या आमच्या हॉलमधला सहा बाय नऊ फुटांचा लोकरी गालिचा साफ करायला दोन मुलं मशीन घेऊन आली. गालिचा भदोहीचा, हाताने गाठी मारून विणलेला. सासऱ्यांनी नोकरीत असताना आणलेला, म्हणून घरात त्याचा मान मोठा. मुलं मेहनती होती. अर्ध्या-पाऊण तासात त्यांनी दोन बादल्या पाणी गालिच्यात उतरवलं. टाकीतून काळंकुट्ट पाणी ओतलं गेलं तेव्हा आम्हा सगळ्यांना धन्य वाटलं. पंखा लावून ठेवा, संध्याकाळपर्यंत वाळेल, असं सांगून ती गेली. संध्याकाळी गालिचा हाताला कोरडा लागला. आम्ही सोफा परत जागेवर सरकवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि ओल्या घोंगडीचा वास आला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, वरून वाळलाय तो. पोटात ओल आहे त्याच्या." कोपरा उलटून पाहिला, तर पाठ गार आणि दमट. पुढच्या आठवड्यात पांढऱ्या झालरीवर चहा सांडल्यासारखी तपकिरी झाक चढली आणि जिथे एकही डाग नव्हता अशा दोन ठिकाणी पिवळसर वर्तुळं उमटली.

मुलांनी आळस केला नव्हता. उलट पाणी कमी पडायला नको म्हणून हात सढळ ठेवला होता, आणि घोटाळा नेमका तिथेच झाला. साफसफाईत पाणी जितकं जास्त तितकं चांगलं, हे आपल्या अंगात भिनलेलं आहे. फरशी, मोरी, अंगण यांच्या बाबतीत ते बरोबरही आहे, कारण तिथलं पाणी उताराने आपोआप निघून जातं. जमिनीवर अंथरलेल्या गालिच्याला उतार नाही आणि मोरीही नाही. त्यात घातलेला प्रत्येक थेंब कोणालातरी परत काढावा लागतो. म्हणून गालिचा साफ करणं हा पाण्याचा जमाखर्च आहे. किती घातलं, किती ओढून काढलं आणि किती आत राहिलं, या तीन आकड्यांवर त्या कामाचं बरंवाईट ठरतं. टाकीतल्या पाण्याचा काळा रंग घाण निघाल्याचं दाखवतो, पाणी निघाल्याचं नाही.

आधी मशीन समजून घेऊ. हॉटेलात, कचेऱ्यांत आणि घरोघरी फिरणाऱ्या मंडळींकडे जे असतं त्याला कोणी इंजेक्शन-एक्स्ट्रॅक्शन म्हणतं, कोणी स्प्रे-सक्शन. जाहिरातीत बऱ्याचदा स्टीम क्लीनिंग लिहितात, पण त्यात वाफेचं काम नसतं. असतं ते गरम पाणी. मशीनच्या पोटात दोन टाक्या असतात, एक स्वच्छ पाण्याची, एक मळक्या पाण्याची. मोटारीही दोन. एक पंप चालवते, दुसरी हवा ओढते. दोन नळ्या निघतात, एक बारीक आणि एक जाड, आणि दोन्ही जाऊन मिळतात त्या हातातल्या दांड्याला, म्हणजे वँडला. वँडच्या तळाशी नोझलमधून पाणी पंख्यासारखं पसरून फुटतं आणि त्याच्या लगतच्या लांबट फटीतून ते वर ओढलं जातं. पाणी सोडायचं की नाही हे ट्रिगर ठरवतो. बस, इतकंच यंत्र आहे. त्यातला ट्रिगर सर्वांत स्वस्त भाग असेल, पण गालिचा वाचतो किंवा बिघडतो तो त्याच्यावरच्या बोटांमुळे.

वँडच्या या दोन तोंडांमागचं शास्त्र एकाच माणसाने मांडलं, आणि तेही एकाच वर्षी. एव्हांजेलिस्ता टोरिचेल्ली हा इटलीतला गणिती, गॅलिलिओच्या अखेरच्या महिन्यांत त्याच्याजवळ राहिलेला. १६४४ साली छापलेल्या ग्रंथात त्याने सांगितलं, की भांड्याच्या भोकातून उडणाऱ्या धारेचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्याच वर्षीच्या जून महिन्यात लिहिलेल्या पत्रात त्याने पारा भरलेल्या नळीचा प्रयोग मांडला आणि आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, या हवेला वजन आहे, असं म्हटलं. पहिली गोष्ट नोझलची, दुसरी सक्शनची.

पहिलीचा व्यवहारातला अर्थ असा, की दाब चौपट केला तर पाणी चौपट होत नाही, दुप्पट होतं. प्रत्यक्ष नोझल घेऊन पाहू. या धंद्यात सर्रास दिसणाऱ्या एका नोझलच्या कपाळावर ११००२ असा आकडा कोरलेला असतो. पहिले तीन अंक फवाऱ्याचा कोन सांगतात, ११० अंश. शेवटचे दोन पाण्याचं माप सांगतात. ४० पीएसआय दाबाला, म्हणजे कारच्या टायरात भरतो त्याहून थोड्या जास्त दाबाला, मिनिटाला ०.२ अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ७५० मिली. आता दाब १०० पीएसआयवर नेला तर मिनिटाला साधारण १.२ लिटर पडेल आणि ४०० वर नेला तर २.४ लिटर. यातून एक गोष्ट लक्षात येते. पाणी कमी करायला नुसती दाबाची चकती फिरवत बसण्यात फारसा अर्थ नाही, कारण दाब निम्मा केला तरी पाणी तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमीच घटतं. पाण्याचं प्रमाण खरं बदलायचं असेल तर लहान भोकाचं नोझल बसवा. दाब ठरवायचा तो गालिच्याचा प्रकार बघून. दाब फार असला तर धार तंतूंमधून आरपार जाऊन पाठीवर आदळते. सोफ्याच्या कापडाला १०० पीएसआय किंवा त्याहून कमी पुरतो. कचेरीतल्या घट्ट नायलॉनच्या कार्पेटला ३००-४०० चालून जातो. फरशीवर सुट्या पसरलेल्या विणीच्या गालिच्याला मी सोफ्याच्याच रांगेत बसवीन.

नोझलची तब्येतही पाहावी लागते. बोअरच्या जड पाण्याने भोकात क्षार साचतात, मग पंखा एका बाजूने फाटतो आणि धार तिरकी जाते. पट्ट्यापट्ट्यांनी साफ झालेला गालिचा दिसला की कारण बहुतेक हेच. अशा वेळी लोक टाचणी घालतात. ती घालू नये. पितळेचं भोक टाचणीने ओरखडतं आणि कायमचं वेडंवाकडं होतं. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं की क्षार सुटतात. वापरून वापरून भोक झिजतं, तेही विसरता कामा नये. व्यास दहा टक्क्यांनी वाढला तर पाणी एकवीस टक्क्यांनी वाढतं, आणि डोळ्यांना फवारा पूर्वीसारखाच दिसतो. म्हणून अधूनमधून वँड बादलीत धरून घड्याळ लावून एक मिनिट ट्रिगर दाबायचा आणि पडलेलं पाणी मापाच्या भांड्याने मोजायचं. दुधाचं माप घेणाऱ्या घरात हे अवघड नाही. हा एक आकडा हाताशी असला, की पुढचा सगळा हिशोब करता येतो.

तो करूनच पाहू. मिनिटाला २.४ लिटर म्हणजे सेकंदाला ४० मिली. वँडचं तोंड ३० सेंटिमीटर रुंद आहे आणि आपण तो सेकंदाला ३० सेंटिमीटर या संथ चालीने ओढतो आहोत. सेकंदाला ९०० चौरस सेंटिमीटर जागा ओली होते. त्यावर ४० मिली पसरलं तर पाण्याचा थर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. फार नाही, नेटकं आहे. आता गालिच्याच्या टोकाशी पोहोचल्यावर वँड एक सेकंद थांबला आणि बोट ट्रिगरवरच राहिलं, तर काय होईल? फवाऱ्याची पट्टी दोन सेंटिमीटर रुंद धरली तर ते सगळे ४० मिली अवघ्या ६० चौरस सेंटिमीटरवर पडतात. थर जवळपास पावणेसात मिलिमीटरचा, म्हणजे पंधरापट. एका सेकंदाच्या विसराळूपणाने तिथे डबकं झालं. आमच्या गालिच्याची झालर तपकिरी का झाली, तेही इथे उलगडतं. झालर टोकालाच असते आणि प्रत्येक फेरीला वँड तिथेच थबकतो.

म्हणून चांगल्या हाताची ओळख टोकाशी पटते. वँड अजून चार बोटं चालायचा असतानाच ट्रिगर सुटतो आणि उरलेलं अंतर नुसत्या सक्शनने कापलं जातं. फेरी सुरू करतानाही आधी वँड हलतो, मग पाणी सुटतं. एक ओला हात मारायचा, त्याच पट्ट्यावरून निदान दोन कोरडे हात फिरवायचे, मगच शेजारची पट्टी धरायची. फवाऱ्याच्या कडांना पाणी विरळ पडतं, त्यामुळे दोन पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवाव्या लागतात. अंगण सारवताना बायका हाताच्या कमानी एकीवर एक चढवत जातात, तशाच.

कोरडे हात नेमके किती, याचं ठरलेलं उत्तर नाही. वँडच्या डोक्यावर पारदर्शक खिडकी असते, तीच सांगते. पहिल्या कोरड्या हाताला खिडकीतून मळकं पाणी भळाभळा धावतं. दुसऱ्याला त्याचे थेंब होतात. तिसऱ्याला काचेवर नुसतं दव राहतं. ते दव आलं की थांबायचं. बहुतेक जण धावणारं पाणी थांबलं की थांबतात आणि थेंब गालिच्यात सोडून देतात.

आता दुसरं तोंड, ओढणारं. सक्शन म्हणजे मशीन पाण्याला खेचतं असं आपण म्हणतो. टोरिचेल्लीने दाखवलं ते उलटं आहे. मोटार नळीतली हवा विरळ करते आणि बाहेरची जड हवा पाण्याला आत ढकलते. हवेचं हे बळ कितीही चांगलं मशीन घेतलं तरी पाण्याला सव्वादहा-साडेदहा मीटरवर नेत नाही. त्या काळच्या इटलीतल्या पंप बसवणाऱ्यांना ही मर्यादा अनुभवाने ठाऊक होती, कारण माहीत नव्हतं. आपल्या फिरत्या मशीनची ताकद दोन-तीन मीटरच्या आसपास असते. तेवढी गालिच्याला भरपूर आहे, पण ती वँडच्या तोंडाशी पोहोचली पाहिजे. वाटेत गळती फार असते. मळक्या टाकीच्या झाकणाचं रबर वाळून चिरलेलं, जाड नळीला जिन्याच्या कडेने पडलेली भेग, जोडावर सैल बसलेली कडी, जाळीत अडकलेला केसांचा गोळा. वँड जरा उचलून धरला आणि त्याचं तोंड गालिच्यावर सपाट टेकलं नाही, तरी हवा बाजूने शिरते आणि पाणी जागचं हलत नाही. बाहेरच्या हवेला सोपी वाट दिली तर ती पाण्याला ढकलायचे कष्ट घेणार नाही. घट्ट पिळलेल्या उसाच्या चिपाडातून रस काढणारा चरक जरा सैल झाला की रस चिपाडातच राहतो, तसं हे.

गळतीची परीक्षा सोपी आहे. वँडच्या तोंडावर तळहात दाबून धरा. हात चिकटून बसला पाहिजे आणि मोटारीचा आवाज चढला पाहिजे. या आवाजावर कान ठेवायची सवय लागली तर अर्धं काम झालं. टाकी भरत आली की आतला तरंगता गोळा वर येऊन हवेची वाट बंद करतो. त्या क्षणी मोटार एकदम बारीक, उंच सुरात वाजू लागते. सक्शन तिथे संपलेलं असतं, पंप मात्र चालूच असतो. हा सूर ज्याच्या कानावर पडत नाही तो पुढची पाच मिनिटं गालिच्यात पाणी नुसतं भरत राहतो.

फेसही तेच करतो, फक्त गुपचूप. कपड्यांची पावडर टाकीत मिसळली की मळक्या टाकीत फेसाचा डोंगर उभा राहतो. गोळा पाण्यावर तरंगतो, फेसावर नाही, त्यामुळे फेस सरळ मोटारीत जातो. शिवाय साबणाचा चिकटा तंतूंवर राहतो आणि महिन्याभरात त्यावर पूर्वीपेक्षा जास्त धूळ बसते. घाण सैल करायचं काम पाण्याच्या माराने करायचं नसतं. आधी कोरड्या व्हॅक्यूमने माती काढायची, कारण ओली झाली की तिचा चिखल होतो. मग सौम्य द्रावण हलकं शिंपडून आठ-दहा मिनिटं मुरू द्यायचं, मऊ ब्रशने फिरवायचं. रसायनाला वेळ दिला की पाणी निम्म्याने कमी लागतं. घाईत असलेला माणूस वेळेची उणीव पाण्याने भरून काढतो.

गरम पाण्याचा फायदा मात्र खरा आहे. साठ अंशांच्या पाण्याचा दाटपणा वीस अंशांच्या पाण्याच्या निम्म्याहून कमी असतो. ते तंतूंत चटकन शिरतं आणि चटकन बाहेरही येतं. पण लोकरीच्या आणि रेशमाच्या रंगीत गालिच्यावर इतकं गरम पाणी घालू नये. आधी पांढरं ओलं फडकं लाल-निळ्या भागावर मिनिटभर दाबून पाहावं. फडक्याला रंग लागला, तर मशीन घराबाहेरच ठेवावं.

इथवर आपण वरच्या तंतूंबद्दल बोललो. खरी सीमा त्याखाली असते, ती म्हणजे पाठ. सक्शनचा हात तंतूंपर्यंत पोहोचतो. पाठ ओलांडून खालच्या स्पंजात किंवा फरशीपर्यंत गेलेलं पाणी वँडला परत मिळत नाही. हाताने गाठ मारलेल्या गालिच्याची पाठ म्हणजे सुताचे ताणे-बाणे. कोपरा उलटला की वरची नक्षी मागेही तशीच दिसते. टफ्टेड गालिच्याच्या पाठीला कापड चिकटवलेलं असतं आणि त्याखाली रबरी लॅटेक्सचा थर. तो वारंवार ओला राहिला की सुटू लागतो आणि गालिच्याला फुगे येतात. तागाची पाठ असेल तर आणखी जपायचं, कारण ताग आकसतो आणि त्याचा रंग पाण्याबरोबर वर चढतो. सुताचंही थोडं तसंच असतं. ओल रेंगाळली की वनस्पतिजन्य धाग्यातला तपकिरी अंश विरघळतो आणि जिथून पाणी उडून जातं त्या टोकाशी जमतो.

पण पाणी वर चढतं कसं? समईतलं तेल वातीतून ज्योतीपर्यंत जातं, तसंच. बारीक फटींतून द्रव आपोआप सरकतो, आणि किती वेगाने सरकतो याचं गणित रिचर्ड लुकास यांनी १९१८ मध्ये आणि एडवर्ड वॉशबर्न यांनी १९२१ मध्ये स्वतंत्रपणे मांडलं. भिजलेलं अंतर वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं. दुप्पट अंतराला चौपट वेळ. म्हणजे पाठीपर्यंत बुडालेला गालिचा पहिल्या तासात काहीच दाखवत नाही. रात्रभर वात चालू असते. तळाशी वर्षानुवर्षं बसलेली धूळ, जुन्या सांडलेल्या चहाचा अंश, राहिलेला साबण, सगळं विरघळून पाण्याबरोबर तंतूच्या शेंड्याला येतं. शेंड्यावरून पाणी हवेत जातं, ऐवज तिथेच राहतो. भिंतीला लोणा फुटतो तो याच वाटेने. आमच्या गालिच्यावर, जिथे डाग नव्हता तिथे उमटलेली वर्तुळं हीच होती. अशा वर्तुळावर पुन्हा पाणी मारलं की ते मोठं होऊन परत येतं. तिथे पांढरा पंचा घालून त्यावर वजन ठेवून रात्रभर दाबायचं; वातीचा शेंडा आता पंचा होतो आणि डाग त्याच्यात उतरतो.

आता लोकरीची एक गोष्ट, जिच्यामुळे आमची संध्याकाळची पारख चुकली. लोकर फार गुणी धागा आहे आणि तितकाच फसवा. साध्या हवेतही ती आपल्या कोरड्या वजनाच्या पंधरा-सोळा टक्के ओलावा धरून असते, आणि तीस टक्क्यांच्या आसपास गेली तरी हाताला ओली लागत नाही. पाणी तंतूच्या आत शिरून बसतं. दहा किलो लोकर असलेला गालिचा त्यामुळे दीडेक लिटर पाणी अंगात जिरवूनही कोरडा वाटू शकतो. नायलॉन साध्या हवेत चार-साडेचार टक्केच ओलावा धरतं. पॉलिप्रॉपिलीन जवळपास काहीच पीत नाही, म्हणून ते लवकर वाळतं. पण न प्यायलेलं पाणी सरळ खाली पाठीवर उतरतं, हेही खरं.

राहिलेलं पाणी हवेवर सोपवायचं, तर ते काम हवेला किती महाग पडतं हेही पाहिलं पाहिजे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते, विजेच्या भाषेत दोन तृतीयांश युनिट. १,२०० वॉटची सक्शन मोटार एक मिनिट जास्त चालवली तर खर्च ०.०२ युनिट. त्या एका मिनिटात तिने लिटरभर पाणी जरी काढलं, तरी काम तीसपट स्वस्तात झालं. कोरड्या हाताची मिनिटं वाचवणारा माणूस म्हणूनच कोणाचंच काही वाचवत नाही.

आणि हवेत जागा किती असते? दहा बाय बारा बाय दहा फुटांच्या खोलीत ३४ घनमीटर हवा मावते. तीस अंशांना एका घनमीटरात जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प राहू शकतं. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्के धरली, तर घनमीटरमागे जेमतेम साडेचार ग्रॅमची जागा उरते. अख्ख्या खोलीत दीडशे मिली. एक छोटा पेला! त्या खोलीत गालिच्याने चार-पाच लिटर पाणी धरून ठेवलं असेल तर पंखा फुल ठेवून खिडक्या लावून घेतल्याने काय होणार? पंखा हवा हलवतो, पाणी घराबाहेर नेत नाही. खिडक्या उघडल्या तर बाहेरूनही तशीच भिजलेली हवा येते. नागपूरला मे महिन्यात, चाळीस अंश आणि वीस टक्के आर्द्रतेला, त्याच खोलीत जवळपास १.४ लिटरची जागा असते. तिथे मात्र ओल्या गालिच्यासमोर कूलर लावू नये. कूलरची गार झुळूक पाण्याची वाफ घेऊनच येते. खिडक्या उघडून साधा पंखा लावणं त्याहून कितीतरी बरं.

पावसाळ्यातच साफसफाई करावी लागली तर एसी लावावा आणि त्याची नळी बादलीत सोडावी. त्या बादलीत जमणारं पाणी हवेतून काढलेलं असतं, आणि खोली बंद असेल तर त्यातलं बरंचसं गालिच्याचंच. पंखा जोडीला हवाच, कारण गालिच्यावरची बाष्पाने भरलेली हवेची साय तो सतत काढून टाकतो. गालिचा सुटा असेल तर दोन खुर्च्यांच्या पाठीवर टाकून पाठीलाही वारा द्यावा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा सल्ला आहे, की भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांच्या आत वाळवा, म्हणजे बुरशी धरत नाही. आमचा वास तिसऱ्या दिवशी आला होता.

भदोहीच्या धुलाई कारखान्यांत गालिचा याच्या शतपट पाण्यात भिजतो, याची आठवण इथे ठेवायला हवी. तिथे उतरत्या फरशीवर पाणी सोडतात आणि फळ्यांनी लव निपटत निपटत ते खाली ओढतात. मग गालिचा उन्हात जातो. तिथे पाणी कितीही घाला, कारण ते जायची वाट आधी बांधलेली असते.

पुढच्या वेळी आम्ही मार्चमध्ये बोलावलं. काम सुरू व्हायच्या आधी मी स्वच्छ टाकीत किती लिटर भरलं ते विचारलं, आणि शेवटी मळक्या टाकीतलं पाणी मापाच्या बादलीने मोजायला लावलं. मुलांना आधी नवल वाटलं, मग त्यांनीच आकडे वहीत लिहिले. दहा लिटर घातलं, आठ आलं. दोन राहिले होते, त्यावर त्यांनी न सांगता आणखी एक कोरडी फेरी मारली. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक कोरडा पंचा तोलला, गालिच्यावर अंथरून त्याच्यावर उभी राहिले, पुन्हा तोलला. ज्या जागी पंचा जड झाला तिथे वँड परत फिरला.

तरीही सोफा त्या रात्री जागेवर गेला नाही. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी कोपरा उलटला आणि पाठीवर हाताची उलटी बाजू टेकवली. माठ गार लागतो तो पाझरलेलं पाणी उडून जाताना माठातली उष्णता घेऊन जातं म्हणून. गालिच्याची पाठही पाणी उडत असेतो तशीच गार लागते. वरून कोरडी, मऊ, धुतलेल्या लोकरीची लव होती, पण पाठ अजून माठासारखी होती. त्यांनी मान हलवली. दुपारी पुन्हा पाहिलं. चारच्या सुमाराला पाठीचा आणि शेजारच्या लाकडी खुर्चीचा स्पर्श सारखाच कोमट लागला, तेव्हा त्यांनी सोफा आणायला सांगितलं.